सहीपुरती आई

डॉ. ऐश्वर्यांनी फॉर्म पुढे सरकवून पेनाच्या टोकाने शेवटची ओळ दाखवली, तेव्हा जागृतीने पर्समधून चष्मा काढून लावलासुद्धा होता. नऊ वर्षांत कल्पितासाठी तिने इतक्या ठिकाणी सह्या केल्या होत्या, की हात आपोआप चालायचा. प्रगतिपुस्तक, सहलीची परवानगी, कबड्डीच्या स्पर्धेचा अर्ज. दोन वर्षांपूर्वी शाळेत गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस द्यायला माणसं आली होती, तेव्हाचं संमतिपत्रसुद्धा. त्यावर ‘आई’ असं छापलं होतं आणि त्यापुढे तिने ‘जागृती प्रफुल्ल तरे’ असं ठसठशीत लिहिलं होतं. कुणी काही विचारलं नव्हतं.

“तुम्ही आई ना?” डॉक्टरांनी सहज विचारलं.

“हो.”

शेजारच्या खुर्चीत पोटावर हात धरून बसलेली कल्पिता म्हणाली, “ही माझी मोठी आई. काकांची बायको. मम्मी आंबिवलीला असते.”

तिच्या बोलण्यात काही कपट नव्हतं. हजेरीला नंबर सांगावा तसं तिने सांगितलं. पण जागृतीचे कान तापले. डॉक्टरांनी फॉर्म हळूच परत आपल्याकडे ओढून घेतला.

मग त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. सोनोग्राफीत कल्पिताच्या डाव्या अंडाशयावर आठ सेंटिमीटरची गाठ दिसत होती. कॅन्सरची वाटत नव्हती, पण एवढ्या वजनाने अंडाशयाला पीळ पडू शकतो. पडला तर रक्त थांबतं आणि अंडाशयच काढून टाकावं लागतं. आठवड्याच्या आत दुर्बिणीतून गाठ काढली तर ते वाचेल. पण कल्पिता सोळा वर्षांची. तपासायला, ताप-खोकल्याचं औषध द्यायला तिचा होकार पुरतो असं डॉक्टर मानतात. भूल देऊन ऑपरेशन करायला पुरत नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत वडिलांची सही लागते, वडील नसतील तर आईची.

गाडी लावून वर आलेला प्रफुल्ल म्हणाला, की माझा भाऊ संदेश जाऊन अकरा वर्षं झाली, घरातला कर्ता मी, पोरीचं सगळं मीच बघतो. डॉक्टरांनी विचारलं, कोर्टाने तुम्हाला पालक नेमलंय का, तसा कागद आहे का. कागद नव्हता. कोलशेतच्या तऱ्यांच्या घरात अशा गोष्टींना कागद लागतो हेच कुणाच्या मनात आलं नव्हतं.

“तिच्या आईने दुसरं लग्न केलंय,” जागृती म्हणाली. “नऊ वर्षं पोर माझ्याकडे आहे.”

“तरी आई तीच. तिचे आताचे मिस्टर सही करू शकत नाहीत, त्या करू शकतात.” मग आवाज जरा खाली आणून डॉक्टर म्हणाल्या, “हे बघा, उद्या पीळ पडला आणि पोरगी कळवळत आली, आई सापडली नाही, तर मी सहीसाठी थांबणार नाही. जीव वाचवायला कायदा आम्हाला अडवत नाही. पण आज ती चालत आलीये, आणि आई एका फोनवर आहे.”

त्यांनी कल्पितालाही विचारलं, तुला कळलं का, तुला काय वाटतं. ती म्हणाली, “करून टाका. मला दुखतंय.” डॉक्टरांनी तेही फाइलमध्ये लिहून घेतलं. लिहिलं खरं, पण त्यावर काम भागणार नव्हतं.

हा सोमवार होता. माजिवड्याचा पूल उतरताना जागृती नवऱ्याला म्हणाली, “नयनला मीच करते फोन. सहीला बोलावते.”

तिने तो सोमवारी केला नाही, मंगळवारीही केला नाही. प्रफुल्लला सांगितलं, की लागत नाहीये. त्याच्या ओळखीचे एक वकील ठाणे कोर्टात बसायचे, त्यांना तिने स्वतः गाठलं. ते म्हणाले, अर्ज करता येईल, पण आईला नोटीस जाणार, तारखा पडणार, महिने लागणार. आणि न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील, की आई धडधाकट असताना, पत्ता माहीत असताना तिला विचारलं का नाही. या प्रश्नाला जागृतीकडे उत्तर होतं, पण ते कोर्टात सांगण्यासारखं नव्हतं.

नयन या घरात धाकटी सून म्हणून आली, तेव्हा जागृतीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत तिने इंजेक्शनं घेतली होती, उपास केले होते, दादरच्या डॉक्टरकडे दर महिन्याला चकरा मारल्या होत्या. नयनला लग्नानंतर चौथ्या महिन्यात दिवस गेले. जागृतीने तिचे डोहाळे पुरवले, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घातलं, आणि न्हाणीघराचं दार लावून घेऊन रडली. पुढे संदेश मोटारसायकलवरून जाताना माजिवड्याला अपघातात गेला. कल्पिता तेव्हा पाच वर्षांची. दोन वर्षांनी आंबिवलीच्या साईनाथने नयनला मागणी घातली, तेव्हा सासरे काळुराम बैठकीत म्हणाले, “तुला जायाचं तर जा. तऱ्यांची पोर तऱ्यांच्या घरात ऱ्हाईल.” नयन रडत रडत निघाली, आणि सात वर्षांची पोर जागृतीच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. घर दुःखात होतं. जागृतीला मात्र त्या क्षणी आनंद झाला होता, इतका की तिला स्वतःचीच भीती वाटली. काळुराम गेले, नयनला तिकडे मुलगा झाला, हर्षित; पण तो आनंद जागृतीने कुणाला कळू दिला नाही.

आणि आता ती बाई पुन्हा येणार. काही न करता, कधी पोरीच्या उशाशी न जागता, नुसती येणार, नाव लिहिणार, आणि ते नाव चालणार.

बुधवारी सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलेली कल्पिता सरळच होईना. घामाने चेहरा पांढरा पडला. दहा मिनिटांनी कळ ओसरली. दोन दिवस आपण कशासाठी घालवले, हे जागृतीला स्वतःला सांगता येईना. तिने खोलीत जाऊन फोन लावला. तो पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“वहिनी, दुखणं वाढलं का तिचं?” नयनने विचारलं.

जागृतीने अजून एक शब्द उच्चारला नव्हता.

“तुला कोणी सांगितलं?”

“कल्पितानेच. महिना झाला. मी रोज म्हणतेय, मोठ्या आईला सांग. ती म्हणायची, सांगते.” नयन थांबली. “सोमवारपासून मी तुमच्या फोनची वाट बघतेय. सोनोग्राफीचा फोटो तिने पाठवलाय मला.”

जागृती पलंगावर बसली. रोज. म्हणजे रोज बोलत होत्या दोघी. क्लासहून येताना, की गच्चीवर? आपण हिला पाठीला उटणं लावतो, हिचे केस विंचरतो, आणि हिच्या पोटात महिनाभर काय चाललंय ते त्या आंबिवलीच्या दोन खोल्यांत माहीत होतं. सहीचं दुःख याच्यापुढे काहीच नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “दुपारपर्यंत ये.”

नयन दीड वाजता आली. उंबऱ्याबाहेर चपला काढताना जरा घुटमळली, जशी ती दर दिवाळीला घुटमळायची. सासूबाई, म्हणजे शकू, हॉलमध्ये खाटेवर बसल्या होत्या. एरवी नयनला बघून त्या तोंड फिरवायच्या. आज म्हणाल्या, “ये गो, बस. उन्हाची आलीस. जागृती, पानी दे तिला.”

जागृतीने पाणी आणून ठेवलं, हातात दिलं नाही.

नयनने फाइल मागितली. जागृतीची ती निळी फाइल जाडजूड होती. कल्पिताचं लहानपणापासूनचं प्रत्येक औषधाचं चिठोरं त्यात तारखेने लावलेलं. नयन एकेक कागद उलटत गेली. लसीच्या कार्डापाशी थांबली. त्याला संमतिपत्राची प्रत टाचलेली होती. तिने ती बराच वेळ वाचली.

“इथे आई म्हणून तुमचं नाव आहे.”

“शाळेत दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं,” जागृती म्हणाली. “आणि लस चांगलीच आहे. वाईट तर काही केलं नाही ना मी?”

“चांगलीच आहे. मीही हो म्हटलं असतं. एक फोन केला असतात तर.” नयनने कार्ड पुन्हा जागेवर लावलं. “दवाखान्यात सही करते मी. आजच करते. पण ऑपरेशननंतर टाके सुकेपर्यंत ती माझ्याकडे राहील.”

“सहीचा मोबदला मागतेस?”

“मोबदला कसला? नऊ वर्षं मागतेय मी. दर मे महिन्यात, दर दिवाळीआधी फोन करून मागितलं. तुम्ही कधी म्हणालात क्लास आहे, कधी स्पर्धा आहे, कधी म्हणालात तीच नको म्हणते.”

कोपऱ्यात बसलेल्या प्रफुल्लने मान वर केली. त्याने बायकोला विचारलं, हे फोन कधी आले होते. जागृतीने सासूबाईंकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, सासूबाई तरी आपली बाजू घेतील; पोर या घरातून हलू द्यायची नाही हा त्यांच्याच नवऱ्याचा शब्द. शकू पदराला गाठ मारत, सोडत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “मना वाटायचं, हिलाच पोर नको हाय. मीपन हिला नाय नाय ते बोलले. जाऊ दे पोरीला. आठ-पंधरा दिस काय जड हायेत?”

म्हणजे नवरा तिकडे, सासू तिकडे. पाण्याचा एक ग्लास देईपर्यंत सगळं घर त्या बाईच्या बाजूने झालं. जागृती म्हणाली, “कल्पिताला विचारा. तिला विचारणारच नाही का कोणी?”

तिची खात्री होती, म्हणूनच ती हे म्हणाली.

कल्पिता आतल्या दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. “मला जायचंय,” ती म्हणाली.

जागृती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावरची कोरडी भांडी पुन्हा पुसायला लागली. कल्पिता मागोमाग आली. भिंतीला टेकून उभी राहिली, कारण उभं राहिलं की कमी दुखायचं.

“मम्मीला आधी का सांगितलंस?” जागृतीने पाठमोरीच विचारलं. “माझ्यापासून काय लपवायचं होतं तुला?”

“लपवायचं नव्हतं.” कल्पिता शब्द शोधत होती. “मी मोबाइलवर बघितलेलं, तिथे दुखतं म्हणजे काय असू शकतं. ते सगळं बाळ होण्याबिण्याचं. तुझ्याजवळ कसं बोलणार होते मी? टीव्हीवर बारसं लागलं तरी तू उठून जातेस. मला वाटलं, माझं पण तुझ्यासारखंच झालं तर तू किती रडशील. मम्मी रडली असती, पण तुझ्याएवढी नाही.”

जागृतीच्या हातातलं फडकं थांबलं. इतकी वर्षं ती समजत होती, की तिची जखम घरात कुणाला दिसत नाही. या पोरीला ती दिसत होती, आणि पोर तिच्या कडेकडेने जपून चालत होती. तिने वळून कल्पिताचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “तसं काही होणार नाही. डॉक्टर म्हणाल्यात ना, वाचेल म्हणून.” आणि मग तिने बॅग भरायला घेतली, पंधरा दिवसांची.

संध्याकाळी दवाखान्यात नयनने सही केली. हळूहळू, एकेक अक्षर लावून, जणू कुणी तपासणार आहे. कल्पिताला रक्त घ्यायला नेलं होतं. नर्सने नवा कागद काढला आणि आईला प्रश्न विचारायला लागली. वजन किती, पाळी कधी आली, पूर्वी ऑपरेशन झालंय का. नयन उत्तरं देत होती, काही नक्की, काही अंदाजाने. जागृती दोन पावलं मागे उभी होती.

“कुठल्या औषधाची ॲलर्जी?”

“नाही,” नयन म्हणाली.

कल्पिता नऊ वर्षांची असताना कानाच्या दुखण्यावर दिलेल्या एका इंजेक्शनाने तिच्या अंगभर गांध्या उठल्या होत्या, ओठ सुजले होते, आणि जागृती तिला कडेवर घेऊन कोलशेत रोडवरून रिक्षासाठी धावली होती. त्या औषधाचं नाव तिला झोपेतही आलं असतं. निळ्या फाइलच्या शेवटच्या पानावर ते लाल पेनाने लिहिलेलं होतं, आणि फाइल तिच्या काखेत होती.

ती बोलली नाही. नर्सने ‘नाही’ लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. जागृतीच्या मनात एक गरम, गोड काहीतरी पसरत गेलं. बघा, हिला काय माहीत आहे. करा हिच्या सहीवर ऑपरेशन. नयनने पुढचंही उत्तर दिलं, त्याच्या पुढचंही. एवढा वेळ, फार तर अर्धा मिनिट, जागृती ते सुख चाखत उभी राहिली. मग आपण कशाची चव घेतोय हे तिच्या ध्यानात आलं.

“थांबा,” ती पुढे होऊन म्हणाली. “ॲलर्जी आहे. लिहून घ्या.” तिने फाइल उघडून औषधाचं नाव दाखवलं. नर्सने खोडून मोठ्या अक्षरात लिहिलं, वर लाल पट्टी लावली आणि जरा रागावून म्हणाली, की हे आधी सांगायला हवं.

“हो,” जागृती म्हणाली. “आधी सांगायला हवं होतं.”

नयनने तिच्याकडे पाहिलं. तिला किती कळलं, कोण जाणे.

गुरुवारी सकाळी कल्पिताला आत नेलं. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. प्रफुल्ल खाली औषधं आणायला गेला होता. तासाभराने जागृतीनेच विषय काढला. म्हणाली, पुन्हा असं काही आलं तर धावपळ नको. वकिलांना विचारलंय. तू हरकत घेतली नाहीस तर कोर्ट मलाही पालक नेमेल. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.

नयनने मान हलवली. नाही म्हणून.

“तिची दप्तरं तुम्ही घेतलीत,” ती म्हणाली. “तिला पहिल्यांदा पाळी आली, ती तुमच्याकडे. तिचा ताप, तिची ॲलर्जी, सगळं तुमच्या फाइलमध्ये. मी दिवाळीला येते तेव्हा ती माझ्या हर्षितला दाखवते, ही मोठी आई, ही माझ्यासाठी हे करते, ते करते. मी ऐकते. माझ्याकडे तिचं एवढंच राहिलंय, वहिनी. कुणीतरी म्हटलं, आईची सही लागते. तेवढं ठेवा माझ्याकडे.”

जागृतीला वाटत आलं होतं, की या जगात जळायचं ते फक्त आपल्याच वाट्याला आलंय. शेजारी बसलेली बाई नऊ वर्षं तशीच जळत होती, तिच्यावर, तिच्या निळ्या फाइलवर. तिला कीव आली नाही, प्रेमही आलं नाही. फक्त बाकावर आपण एकट्या नाही आहोत असं वाटलं. “बरं,” ती म्हणाली.

डॉ. ऐश्वर्या बाहेर आल्या तेव्हा बारा वाजत आले होते. गाठ निघाली होती. अंडाशयाला अर्धा पीळ पडलाच होता, आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं, पण वाचलं. दोन दिवस. ते दोन दिवस कुणी घालवले, हे नयनला माहीत होतं. ती काही म्हणाली नाही, आणि पुढेही कधी म्हणाली नाही.

शनिवारी कल्पिता आंबिवलीला गेली. कोलशेतच्या घरात शकू रोज विचारायच्या, “काय बोलते पोर?” आणि जागृती फोन करून सांगायची, जेवली, झोपली, चालली. तिने ठरवलं होतं, टाके बघायच्या दिवसापर्यंत जायचं नाही. त्या दिवशी ती गेली. गाडी खाली उभी ठेवली, दोन जिने चढली. मनात वाक्य तयार होतं, की चला, आता घरी.

कल्पिता खिडकीशी बसून हर्षितला गणितं घालत होती. गाल जरा भरले होते. तिने जागृतीच्या गळ्यात हात टाकले, डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं, कॉलेजचं विचारलं, आजीचं विचारलं. मग हळूच म्हणाली, “मोठी आई, मी अजून चार दिवस राहू? रविवारी हर्षितचा वाढदिवस आहे.”

जागृतीच्या मनात ते जुनं, ओळखीचं जळणं पुन्हा उठलं. तिने ते उठू दिलं आणि बसूही दिलं.

“राहा,” ती म्हणाली. “सोमवारी काका येतील न्यायला.”

नयनने तिला न विचारताच ताट वाढलं. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण. कालवणात साईनाथच्या गावाकडचा मसाला होता, तिखट आणि काळपट. तऱ्यांच्या घरी असं कधी करत नसत. जागृतीने पहिला घास घेतला, मग दुसरा. कालवण चांगलं झालं होतं. ते चांगलं झालंय, हे गिळायला तिला थोडा वेळ लागला. मग तिने वाटी पुढे केली आणि म्हणाली, “नयन, आणखी थोडं वाढ.”